दर काही सेकंदांनी बदलणारे आकडे सीडीएनवरून कसे पोहोचवावेत? (मतमोजणीच्या पानाचा अनुभव)

कोयनाकाठ, सोमवार, रात्री ९.१०

एका वृत्तसंकेतस्थळाच्या निवडणूक निकालांचे पान सांभाळणाऱ्या लहानशा चमूत मी काम करते. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी झाली, त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आमचे पान सुमारे पाऊण तास उघडेनासे झाले होते. ती चूक पूर्णपणे आमच्या रचनेची होती. पुढच्या मतमोजणीआधी ती मुळापासून सुधारायची आहे, म्हणून सगळी हकिकत इथे मांडते आहे.

आमच्याकडे २८८ मतदारसंघ आणि चार हजारांहून अधिक उमेदवार यांच्या आकड्यांची मिळून एकच जेसन, म्हणजे साध्या मजकुराच्या साच्यातली, फाइल होती. तिचा आकार सुमारे ४०० किलोबाइट होता आणि दाबून पाठवल्यावर तो ७० किलोबाइटच्या आसपास येत असे. वाचकाचा ब्राउझर दर दहा सेकंदांनी ही फाइल पुन्हा मागत असे. सीडीएनने (वाचकांजवळच्या अनेक केंद्रांत फाइलींच्या प्रती साठवून देणाऱ्या सेवेने) जुनी प्रत देऊ नये म्हणून आम्ही पत्त्याच्या शेवटी त्या क्षणाची वेळ जोडत होतो. त्यामुळे प्रत्येक मागणीचा पत्ता वेगळा झाला, सीडीएनच्या लेखी प्रत्येक मागणी नव्या वस्तूची ठरली आणि सगळी गर्दी थेट मूळ सर्व्हरवर येऊन आदळली. थोडक्यात, आम्ही सीडीएनचे पैसे भरत होतो आणि त्याच्याकडून काहीच काम करून घेत नव्हतो. दुपारी आम्ही ती वेळ काढून टाकली आणि फाइल साठ सेकंद साठवून ठेवायला सांगितली. पान सावरले, पण आकडे दूरचित्रवाणीच्या मागे पडतात अशी पत्रे वाचकांकडून येऊ लागली.

नंतर मी कागदावर थोडा हिशेब मांडला. राज्यात एक लाखाहून थोडी अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे प्रत्येक मतदारसंघात सरासरी साडेतीनशेच्या आसपास. मोजणीच्या दालनात साधारणपणे १४ टेबले असतात, त्यामुळे एका मतदारसंघाच्या सुमारे २५ फेऱ्या होतात. २८८ गुणिले २५ म्हणजे ७,२०० फेऱ्या, आणि मोजणी नऊ तास चालली असे धरले, तर सरासरी दर साडेचार सेकंदांनी राज्यात कुठेतरी एक फेरी संपते. एका फेरीने २८८ पैकी एकाच मतदारसंघाचे आकडे बदलतात, तरीही आम्ही प्रत्येक वाचकाला सगळीच्या सगळी फाइल पुन्हा पाठवत होतो. एका वेळी एक लाख वाचक धरले, तर सेकंदाला १०,००० मागण्या येतात आणि ७०० मेगाबाइट बाहेर जातात. नऊ तासांत हा आकडा सुमारे २२,७०० गिगाबाइटवर पोहोचतो.

आकडे दहा सेकंदांपेक्षा जुने नसावेत, मूळ सर्व्हरवर ताण येऊ नये आणि बिलही आवाक्यात राहावे, असे तिन्ही साधण्यासाठी जाणकारांनी अशा ठिकाणी काय केले आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

दीपमाळ, सोमवार, रात्री ९.५५

मी अजून शिकतो आहे, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमस्व. ईटॅग, म्हणजे फाइलच्या आवृत्तीची खूण, वापरला, तर फाइल बदललेली नसताना सर्व्हर फक्त ३०४ हे उत्तर देतो आणि मजकूर पुन्हा पाठवावा लागत नाही, असे आम्हाला शिकवले आहे. मग इतके बाइट वाया का जातात?

पाणंद, सोमवार, रात्री १०.४०

दीपमाळ, प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर कोयनाकाठ यांच्या हिशेबातच आहे. ईटॅगचा उपयोग दोन मागण्यांच्या दरम्यान वस्तू बहुधा बदललेली नसते तेव्हाच होतो. इथे वाचक दर दहा सेकंदांनी विचारतो आणि फाइल दर साडेचार सेकंदांनी बदलते, म्हणजे त्याच्याजवळची प्रत जवळजवळ प्रत्येक वेळी जुनी ठरलेली असते आणि ३०४ मिळण्याची वेळ क्वचितच येते. संध्याकाळी मोजणी संपल्यावर ईटॅग उत्तम काम करेल, पण तेव्हा गर्दीही ओसरलेली असते.

माझ्या मते खरी अडचण फाइलच्या आखणीत आहे. आपण बदलणारी गोष्ट आणि न बदलणारी गोष्ट एकाच नावाखाली ठेवतो आणि मग सीडीएनने लवकर विसरावे अशी अपेक्षा करतो. सीडीएनची घडण लक्षात ठेवण्यासाठी झालेली आहे. आपला माल कधीच न बदलणाऱ्या लहान तुकड्यांत मांडला आणि बदलणारी अशी एकच, शक्य तितकी लहान सूची ठेवली, तर त्याच्या स्वभावाविरुद्ध काही करावे लागत नाही.

हा मार्ग सॉफ्टवेअरच्या भांडारांनी कधीच चोखाळलेला आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या भांडारात एक मुख्य सूची असते आणि बाकीच्या याद्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) तिच्यात लिहिलेले असतात. पूर्वी त्या याद्यांची नावे कायम तीच असत आणि आतला मजकूर मात्र बदलत असे. त्यामुळे कॅशकडून (प्रती साठवणाऱ्या मधल्या सर्व्हरकडून) सूची नवी आणि यादी जुनी अशी जोडी हाती येई, हॅश जुळत नसे आणि अद्यतन तिथेच थांबे. हॅश न जुळल्याची ती सूचना लिनक्स वापरणाऱ्या अनेकांनी पाहिलेली असेल. पुढे याद्या त्यांच्या हॅशच्याच नावाने ठेवण्याची सोय झाली, आणि नवी यादी आल्यावरही जुनी काही काळ जागेवर राहू लागली. आता जुनी सूची हाती आली, तरी तिच्यात लिहिलेल्या याद्या सापडतात. वाचकाला थोडी जुनी स्थिती मिळेल, पण ती आतून सुसंगत असेल.

क्लॅमएव्ही या व्हायरसविरोधी प्रकल्पाचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांच्या विषाणूखुणांचा संच सतत बदलत असतो आणि तो जगभरातल्या असंख्य सर्व्हरांना हवा असतो. तिथे सध्याची आवृत्ती कोणती, एवढी एकच गोष्ट डीएनएसच्या (संकेतस्थळांच्या नावांच्या नोंदवहीच्या) मजकूर नोंदीत ठेवलेली असते. नोंद काही बाइटांची असल्याने ती विचारायला फारसा खर्च येत नाही, शिवाय वाटेतले डीएनएस सर्व्हरही ती साठवतात. आवृत्ती पुढे गेलेली दिसली, तर ग्राहक (उतरवून घेणारा कार्यक्रम) मधल्या क्रमांकांच्या फरकफाइली मागतो, आणि एकदा प्रसिद्ध झालेली फरकफाइल पुन्हा बदलत नाही. तरीही २०२१ साली त्या प्रकल्पाला डाउनलोडवर मर्यादा घालाव्या लागल्या, कारण अनेक ठिकाणच्या स्क्रिप्ट आणि दर वेळी कोऱ्या अवस्थेत सुरू होणारे कंटेनर, म्हणजे तात्पुरती संगणकीय वातावरणे, आधीची प्रत न ठेवता संपूर्ण संच पुन्हा पुन्हा उतरवत होते. सर्व्हरकडची रचना चांगली असूनही ग्राहकाची वर्तणूक तिच्यावर पाणी फिरवू शकते. कोयनाकाठ यांच्या हातात दोन्ही बाजू आहेत, हे त्यांचे भाग्य.

तुमच्यासाठी माझी सूचना अशी आहे. प्रत्येक मतदारसंघाची स्वतंत्र फाइल करावी आणि तिच्या नावातच आवृत्ती असावी. ही फाइल एक वर्ष साठवायला सांगावी आणि इम्युटेबल (न बदलणारी) हा शब्दही जोडावा. हा निर्देश २०१७ साली प्रमाणित झाला आहे आणि तो मानणारा ब्राउझर अशा फाइलची पुन्हा चौकशी करत नाही. सूचीत एक चढता अनुक्रमांक, पक्षनिहाय बेरीज, आणि प्रत्येक मतदारसंघाची आवृत्ती, आघाडीवरचा पक्ष व मताधिक्य एवढेच ठेवावे. प्रत्येकी दहाएक बाइट धरले, तर २८८ मतदारसंघांचे तीन किलोबाइट होतात, आणि दाबल्यावर सूची दोन किलोबाइटच्या घरात बसेल. मुखपृष्ठावरचा नकाशा आणि बेरीज एवढ्यावर चालते. मतदारसंघाची फाइल फक्त तो मतदारसंघ उघडणाराच मागेल.

सांगावा, मंगळवार, सकाळी ७.२०

पाणंद यांनी मांडलेली रचना चांगली आहे, पण हाच एकमेव मार्ग आहे असे नव्या वाचकांना वाटू नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पत्ता तोच ठेवून मजकूर बदलताच साऱ्या कॅशांना ‘ही प्रत टाकून द्या’ असे सांगणे, म्हणजेच पर्ज करणे, हाही भरवशाचा मार्ग आहे. काही सीडीएन सेवांवर हा निरोप जगभर पोहोचायला सेकंदाचा अंशच लागतो. वस्तूंना आपण खुणा जोडू शकतो आणि एका खुणेने हजारो वस्तू एकदम बाद करता येतात.

विकिपीडिया वर्षानुवर्षे असाच चालतो. लॉगिन न करता वाचणाऱ्यांना साठवलेले पान मिळते आणि कोणी संपादन केले की त्या पानाचा पर्ज निघतो. भारतातून मराठी विकिपीडिया वाचणाऱ्याची मागणी बहुधा सिंगापूरच्या केंद्रात उतरते. ते केंद्र २०१८ साली सुरू झाले. पूर्वी विकिपीडियाचा पर्जचा निरोप यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीने, एकाच वेळी सर्वांना पाठवला जाई. तो वाटेत हरवला तर हरवल्याचे कोणालाच कळत नसे आणि त्या केंद्रात जुने पान तसेच राहून जाई. पुढे हे निरोप काफ्कासारख्या टिकाऊ रांगेतून जाऊ लागले, त्यामुळे मागे पडलेला सर्व्हर पुन्हा उभा राहिल्यावर राहिलेले निरोप वाचून काढू शकतो.

या मार्गात एक सूक्ष्म सापळाही आहे. पर्जचा निरोप कॅशपर्यंत पोहोचतो, त्याच क्षणी एखादा वाचक ते पान मागतो, आणि मूळ बाजूच्या डेटाबेसची प्रतिकृती अजून मागे असल्यामुळे जुनेच पान पुन्हा तयार होऊन दीर्घ काळासाठी साठवले जाते. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत यावर उपाय म्हणून पहिल्या पर्जनंतर थोड्या वेळाने दुसरा पर्ज पाठवण्याची सोय आहे. मध्ये कॅशचा आणखी एक थर असेल, तर आधी आतला आणि मग बाहेरचा रिकामा करावा लागतो. क्रम उलटा झाला, तर बाहेरचा थर आतल्याकडून जुनीच प्रत उचलतो.

कोयनाकाठ, मंगळवार, सकाळी ९.०५

दोघांचेही मनापासून आभार. सांगावा, पर्जचा विचार आम्हीही केला होता. पण आमच्याकडे बदल सरासरी दर साडेचार सेकंदांनी होतो, आणि सूची पाच सेकंद साठवली, तर ती आपोआपच त्याच गतीने शिळी होते. दिवसाला ७,२०० पर्ज पाठवून, त्यांचा क्रम सांभाळून आणि हरवलेल्यांचा माग काढून आम्हाला दोन-तीन सेकंदांचाच फायदा होईल. विकिपीडियाचे पान महिनोन्महिने बदलत नाही आणि मग अचानक बदलते. तिथे पर्जशिवाय पर्याय नाही, हे पटते.

पाणंद यांच्या रचनेने नवा हिशेब असा होतो. सेकंदाला १०,००० मागण्या तेवढ्याच राहतात, पण ७० ऐवजी दोन किलोबाइट जातात, म्हणजे ७०० मेगाबाइटचे २० मेगाबाइट होतात. आमच्या सीडीएनच्या दरपत्रकात मात्र मागण्यांच्या संख्येचाही वेगळा आकार आहे आणि तो यामुळे कमी होणार नाही. त्यासाठी पान पार्श्वभूमीला गेल्यावर विचारणे थांबवण्याचे ठरवले आहे. त्या दिवशी अनेकांनी सकाळी उघडलेले पान दिवसभर दुसऱ्या टॅबमागे तसेच ठेवले होते, आणि तेही दर दहा सेकंदांनी सगळी फाइल ओढत होते.

सांगावा, मंगळवार, सकाळी ९.३०

हिशेब मान्य आहे. तुमच्या बाबतीत अल्प मुदतीची सूचीच योग्य. पर्ज फक्त आणीबाणीसाठी हाताशी ठेवा.

एक सुधारणा मात्र आग्रहाने सुचवतो. फाइलच्या नावातली आवृत्ती म्हणून फेरीचा क्रमांक वापरू नका. प्रसिद्ध झालेल्या फेरीच्या आकड्यांत नंतर दुरुस्ती होऊ शकते, आणि मग ‘फेरी १७’ या नावाखाली दोन वेगळे मजकूर तयार होतात. एक वर्ष साठवायला सांगितलेली चुकीची प्रत जगभरातून परत कशी बोलावणार? वाचकांच्या ब्राउझरमधली प्रत तर पर्जनेही निघत नाही. नाव मजकुराच्या हॅशवरून किंवा स्वतंत्र चढत्या आवृत्तीवरून ठेवावे. फेरीचा क्रमांक आतल्या मजकुरात राहू द्यावा.

वेशीबाहेर, मंगळवार, दुपारी १.४५

मी ऑकलंडला राहतो. तिथे नोव्हेंबरात भारतातले सकाळचे आठ म्हणजे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी कामावरून घरी येता येता मी निकाल पाहत होतो. एका संकेतस्थळावर मला विचित्र अनुभव आला. पान उघडले की वीस-पंचवीस मिनिटे जुने आकडे दिसत, लगेच पुन्हा ताजे केले की एकदम नवे येत, आणि तासाभराने पुन्हा तोच प्रकार होई. पुण्यातल्या माझ्या बहिणीला त्याच वेळी त्याच पानावर अचूक आकडे दिसत होते.

कारण मला नंतर ध्यानात आले. मुदत संपल्यावरही काही काळ जुनी प्रत देत राहावी आणि मागच्या मागे नवी आणावी, असा एक निर्देश असतो. स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट या नावाने तो २०१० सालापासून प्रचलित आहे. मुंबईच्या केंद्रावर क्षणाक्षणाला कोणी ना कोणी विचारत असते, त्यामुळे प्रत कधी फार शिळी होत नाही. पण ऑकलंडच्या केंद्रावर मराठी निकाल पाहणारा मी कदाचित एकटाच असेन. तिथे अर्ध्या तासापूर्वीची प्रत पडून असते, मी आलो की मला तीच मिळते, आणि नवी प्रत माझ्यानंतर येणाऱ्यासाठी आणली जाते. त्या संकेतस्थळाने ही सवलत बहुधा तासाभराची ठेवली असावी. सवलत पाच-दहा सेकंदांचीच ठेवली, तर मुंबईच्या वाचकाला तेवढाच फायदा मिळतो आणि आमच्यासारख्यांवर अन्यायही होत नाही.

याच निर्देशाचे जुळे भावंड, म्हणजे मूळ सर्व्हर बंद असताना जुनी प्रत देण्याची स्टेल-इफ-एरर ही परवानगी, मात्र सढळ हाताने द्यावी. मोजणीच्या दिवशी कोऱ्या पानापेक्षा दहा मिनिटांपूर्वीचे आकडे केव्हाही बरे, फक्त ते कोणत्या वेळेचे आहेत हे पानावर ठळक लिहिलेले असले पाहिजे.

पाणंद, मंगळवार, रात्री ८.१५

वेशीबाहेर यांचा अनुभव फार मोलाचा आहे, कारण परीक्षण करणारे सहसा मुंबईत बसूनच परीक्षण करतात. त्यालाच जोडून थरांबद्दल सांगतो. सीडीएनची दोनशे केंद्रे धरली आणि प्रत्येक केंद्र दर पाच सेकंदांनी सूची मागते असे मानले, तर मूळ सर्व्हरकडे सेकंदाला ४० मागण्या येतात. हा भार फार नाही, पण मधल्या ढालीचा, म्हणजे केंद्रे आणि मूळ सर्व्हर यांच्यामधल्या एका कॅशचा, थर चालू केला, तर बाहेरची सगळी केंद्रे तिच्याकडे विचारतात आणि मूळ सर्व्हरकडे पाच सेकंदांत एकच मागणी येते.

मात्र ढालीने पाच सेकंद आणि बाहेरच्या केंद्राने आणखी पाच सेकंद प्रत ठेवली, तर ती दहा सेकंदांची होणार का? नियमाप्रमाणे होऊ नये. प्रत किती काळ साठवणीत होती हे प्रत्येक थर एज या नावाच्या हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळीत) पुढे सांगतो आणि पुढचा थर ते वय मुदतीतून वजा करतो. पण सीडीएनच्या पडद्यावर आपण मुदत स्वतंत्रपणे ठरवून दिली किंवा ते हेडर वाटेत गळले, तर मुदतींची बेरीज होऊ लागते. म्हणून सूचीच्या आतच ती तयार झाल्याची वेळ लिहावी आणि वाचकाच्या बाजूला प्रत्यक्ष किती उशीर झाला, ते मोजून परत कळवावे. फोनची घड्याळे चुकीची असतात, तेव्हा तुलना प्रतिसादाच्या तारखेशी आणि वयाशी करावी.

आणखी एक गोष्ट. मोबाइलवरचा वाचक वायफायवरून फोनच्या जाळ्यावर गेला की त्याची मागणी दुसऱ्याच केंद्रात उतरू शकते, आणि तिथली सूची चार सेकंद मागे असू शकते. मग आधी १३२ दाखवलेली बेरीज १३१ होते आणि वाचकाला वाटते की एक जागा गेली. चढता अनुक्रमांक याचसाठी हवा. हाती असलेल्यापेक्षा लहान अनुक्रमांकाची सूची आली, तर ग्राहकाने ती मुकाट्याने टाकून द्यावी.

सांगावा, मंगळवार, रात्री ९.००

गर्दीच्या एका प्रकाराचा उल्लेख राहिला आहे. सूचीची मुदत ज्या क्षणी संपते, त्या क्षणी एकाच केंद्रावर शेकडो मागण्या आलेल्या असतात. त्या सगळ्या मागे धाडल्या, तर कॅश असून नसल्यासारखी. म्हणून पहिली मागणी पुढे पाठवून बाकीच्यांना तिच्या उत्तरासाठी थांबवण्याची सोय वापरली पाहिजे. व्हार्निश या कॅश सॉफ्टवेअरमध्ये हे मुळातच होते, एन्जिन्एक्स या वेब सर्व्हरमध्ये कॅशचे कुलूप वेगळे चालू करावे लागते.

२५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन यांचे निधन झाले, तेव्हा विकिपीडियाला हाच धडा मिळाला. त्यांचे पान क्षणाक्षणाला संपादित होत होते, प्रत्येक संपादनाने साठवलेली प्रत बाद होत होती, आणि ते लांबलचक, साच्यांनी भरलेले पान नव्याने तयार करण्याचे एकच काम एकाच वेळी असंख्य प्रक्रिया करू लागल्या. त्यातून पूलकाउंटर नावाची व्यवस्था तयार झाली. एका पानाचे काम किती प्रक्रियांनी एका वेळी करावे यावर ती मर्यादा घालते, आणि इतरांना थांबायला लावते किंवा जुनी प्रत देते.

थांबवण्याच्या या सोयीलाही एक कड आहे. सूचीच्या उत्तराबरोबर चुकून कुकी (एकेका वाचकाची ओळख ठेवणारी खूण) पाठवली गेली, तर कॅश ते उत्तर साठवण्यास अयोग्य मानते. मग रांगेत थांबलेल्यांना ते देता येत नाही, आणि एकामागून एक अशी प्रत्येकाची मागणी पुढे जाऊ लागते. व्हार्निश अशा वस्तूची नोंद ठेवून पुढच्यांना रांगेत उभे करत नाही, पण प्रत्येक सेवा इतकी काळजी घेईलच असे नाही. सूचीच्या पत्त्यावर कुकीचा मागमूसही असू नये.

दीपमाळ, बुधवार, सकाळी १०.३०

हे सगळे वाचून पुन्हा एक प्रश्न पडला. वाचकाने सारखे विचारण्यापेक्षा वेबसॉकेटने (कायम उघड्या राहणाऱ्या जोडणीने) सर्व्हरनेच बदल कळवला, तर सगळे सोपे होणार नाही का?

पाणंद, बुधवार, दुपारी १२.१०

लाखभर जोडण्या दिवसभर उघड्या ठेवणे आज अशक्य नाही, पण त्यांचा भार सीडीएनच्या साठवणीतून हलका होत नाही. एखादा सर्व्हर पुन्हा सुरू केला की त्याच्या सगळ्या जोडण्या तुटतात आणि हजारो ग्राहक एकदम परत येतात. गप्पांचे ॲप किंवा लिलाव असेल, तर तो खर्च योग्य ठरतो. सर्वांना एकच माहिती हवी असेल, तर तो मला अवाजवी वाटतो.

मधला एक सुंदर मार्ग आहे आणि तो थेट प्रक्षेपणातून आला आहे. एचएलएस पद्धतीत चित्रफीत लहान तुकड्यांत असते. तुकडे बदलत नाहीत, फक्त त्यांची यादी दर काही सेकंदांनी बदलते, म्हणजे आपलाच प्रश्न. ॲपलने २०१९ साली तिची कमी विलंबाची आवृत्ती जाहीर केली. तीत ग्राहक पुढच्या, अजून तयार न झालेल्या तुकड्याचा क्रमांक पत्त्यात घालून यादी मागतो आणि सर्व्हर ती तयार होईपर्यंत उत्तर रोखून धरतो. एका केंद्रावरचे सगळे प्रेक्षक नेमका तोच पत्ता मागत असल्यामुळे केंद्र मूळ सर्व्हरकडे एकच मागणी नेते, आणि उत्तर आले की सर्वांना एकदम वाटते. सर्व्हरने स्वतःहून कळवल्याचा वेग मिळतो, आणि साठवणीचा फायदाही हातचा जात नाही. यासाठी सीडीएनने रोखलेल्या मागण्या नीट एकत्र केल्या पाहिजेत आणि मध्येच मुदत संपवून त्रुटी देता कामा नये. हे आधी तपासून घ्यावे लागेल. दहा सेकंद चालणार असतील, तर कोयनाकाठ यांनी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

कोणी फक्त फरक पाठवण्याचे सुचवेल, म्हणून तेही लिहितो. एचटीटीपीमध्ये फरक पाठवण्याचे प्रमाण २००२ सालीच ठरले होते, पण ते रुळले नाही. प्रत्येक ग्राहकाजवळ वेगळी जुनी प्रत असते, त्यामुळे प्रत्येक जोडीसाठी वेगळा फरक लागतो आणि साठवणीचा मेळ बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या प्रकल्पाने फरकांना क्रमांक देऊन हा प्रश्न सोडवला. तिथे मिनिटाचे, तासाचे आणि दिवसाचे फरक स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतात, आणि फार मागे राहिलेला ग्राहक मिनिटांऐवजी दिवसांच्या पायऱ्या चढून येतो. प्रचंड नकाशासाठी ही व्यवस्था अपरिहार्य आहे. दीड किलोबाइटच्या मतदारसंघासाठी पूर्ण फाइल बदलणेच सोपे.

कोयनाकाठ, रविवार, सायंकाळी ६.२०

काल आम्ही जुन्या मोजणीचे आकडे वापरून रंगीत तालीम घेतली. सूची पाच सेकंद साठवली जात होती, शिळी प्रत देण्याची सवलत पाच सेकंदांची होती, आणि मूळ सर्व्हर बंद पडल्यास पंधरा मिनिटांपर्यंत जुनी प्रत चालेल असे सांगितले होते. मूळ सर्व्हरवरचा भार इतका कमी होता की आलेख बंद पडला आहे का, हे पाहायला मी दोनदा उठले.

तरी एक दोष सापडला. एका मतदारसंघाचे पान काही केंद्रांवर दीड मिनिट उघडत नव्हते. आमच्या कार्यक्रमाने नवी सूची आधी प्रसिद्ध केली आणि मतदारसंघाची नवी फाइल साठ्यात दोन सेकंदांनी पोहोचली. मधल्या वेळात कोणीतरी ती मागितली, ‘सापडली नाही’ हे उत्तर आले आणि केंद्राने ते उत्तरच साठवून ठेवले. आता क्रम बदलला आहे. आधी मतदारसंघाची फाइल लिहायची, मग ती ढालीमार्फत स्वतः मागून वाचून पाहायची, आणि ती जशीच्या तशी मिळाली तरच तिचे नाव असलेली सूची बाहेर सोडायची. या परताव्याच्या वाचनामुळे फाइल ढालीत आधीच भरूनही राहते. ‘सापडली नाही’ हे उत्तर एका सेकंदापेक्षा जास्त साठवू नये, असेही सांगितले आहे.

सूचीत आम्ही एक जागा आणखी वाढवली: पुढे किती सेकंदांनी विचारावे. ग्राहक त्या आकड्यात थोडे यादृच्छिक सेकंद मिसळतो, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला येत नाहीत. तालमीत हा आकडा दहावरून तीस केला, तेव्हा मिनिटाभरात केंद्रांवरच्या मागण्या एक तृतीयांशावर आल्या. त्या सकाळी अकरा वाजता आमच्या हाती असा एक खटका असता, तर पान पडले नसते.

दीपमाळ, रविवार, सायंकाळी ७.००

अभिनंदन! मतदारसंघांच्या जुन्या फाइली साठ्यातून केव्हा काढायच्या, हे कसे ठरवले?

कोयनाकाठ, रविवार, सायंकाळी ७.२५

आधी आम्ही तासाभराने काढायचे म्हणत होतो, कारण सर्वांत जुनी सूची पंधरा मिनिटांपेक्षा थोडीच अधिक जुनी असू शकते. मग हिशेब केला, तर दीड किलोबाइटच्या ७,२०० फाइलींचे मिळून ११ मेगाबाइटही होत नाहीत, म्हणून आता त्या काढणारच नाही. उद्यापासून आमचा एक सहकारी त्याच फाइली क्रमाने वाचून कोणत्या मतदारसंघात कितव्या फेरीला आघाडी बदलली, हे दाखवणारे पान तयार करायला घेतो आहे. त्यासाठी सर्व्हरवर नवे काहीच ठेवावे लागणार नाही.